दर पावसाळ्यानंतर परत येणारी एलिप्टिकलची कटकट: दुखणं मशीनचं नव्हतं, फरशीचं होतं

"अहो, परत आलं बघा."

सकाळी साडेपाचला पुढच्या खोलीतून बायकोचा हा आवाज आला की काय परत आलंय ते मला विचारावं लागायचं नाही. एलिप्टिकलचं (उभं राहून पायडल फिरवायचं व्यायामाचं मशीन) पायडल फिरत फिरत एका ठरावीक जागी आलं की 'कट'. पुढचा फेरा, परत 'कट'. मिनिटाला पन्नास फेरे म्हटलं तर पन्नास वेळा. शेजारची खोली आईची, तिची झोप मोडायची. आणि आवाज सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत बायकोचा डावा गुडघा आतल्या बाजूने धरायला लागायचा.

सलग तीन वर्षं हे असंच झालं. पोळा झाला, गणपती बसले की आवाज सुरू. दसऱ्यापर्यंत वाढायचा. मेकॅनिक यायचा, बोल्ट आवळायचा, पंधरा-वीस दिवस शांत, मग पुन्हा तेच. एकदा बुश (जोडात बसणाऱ्या गोल कड्या) बदलले, एकदा दोन्ही रोलर बदलले. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण दर वेळी महिनाभर तिचा व्यायाम बंद पडायचा आणि शुगर वर जायची, त्याचं फार वाईट वाटायचं. आता दोन पावसाळे गेले, आवाज परतलेला नाही. परभणी, जालना, बीड, लातूर, नांदेड, कुठेही काळ्या रानात प्लॉट पाडून बांधलेल्या घरात तुमचं एलिप्टिकल (क्रॉस ट्रेनर म्हणतात तेच) ठेवलेलं असेल आणि दुरुस्ती टिकत नसेल, तर पाना हातात घेण्याआधी हे वाचा.

गवंडीमामांनी काय दाखवलं

त्या वर्षी नोव्हेंबरात पुढच्या खोलीच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली होती. ती भरायला आमचे नेहमीचे गवंडीमामा आले होते. मी खाली बसून मशीनचे बोल्ट आवळत होतो.

"काय करायलाव सर?"

"आवाज येतोय मामा. आवळून आवळून थकलो."

ते काही बोलले नाहीत. मशीनच्या मागच्या आडव्या पाइपाच्या एका टोकावर त्यांनी टाच ठेवली, जरा भार दिला, काढला. परत दिला. पाइप नखभर खाली गेला आणि वर आला. मग पिशवीतून पाणसळ (स्पिरिट लेव्हल) काढून पाइपावर ठेवली. बुडबुडा मधल्या दोन रेघा सोडून भिंतीकडे सरकला होता.

"मशीनला काय झालं नाही. खालची फरशी बसली बगा. तीन पायावर उभी हाय ही, चौथा हवेत. काळ्या रानातलं घर, पावसात फुगतंय, उन्हाळ्यात बसतंय. तुमची भेगपण त्याचीच."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ही माती मी दरवर्षी मुलांना शिकवतो. बेसॉल्ट झिजून झालेली, स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असलेली. पाणी शोषलं की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या मीही लहानपणापासून पाहिलेल्या. पण तीच माती आपल्या जोत्याखाली आहे आणि जोत्यावरची फरशीही तिच्यासोबत थोडी थोडी हलते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाहेरच्या भिंतीलगत हे जास्त होतं, कारण तिथली माती आधी भिजते आणि आधी वाळते. आमचं मशीन नेमकं बाहेरच्या भिंतीला लागून, खिडकीखाली, वारा येतो म्हणून ठेवलेलं.

आता मशीनच्या बाजूने विचार करा. चार पायांपैकी एक अधांतरी असला की माणूस डावं पायडल दाबतो तेव्हा सांगाडा एका कोपऱ्याकडे झुकतो, उजवं दाबलं की दुसऱ्या. पंचवीस मिनिटांत साडेबाराशे फेरे, म्हणजे तेवढ्या वेळा सांगाड्याला पीळ बसतो. नट-बोल्टाला आडवा हिसका वारंवार बसला की तो कितीही आवळलेला असो, आपोआप सैल होत जातो. म्हणून मेकॅनिकने आवळलेलं पंधरा दिवस टिकायचं. त्याचं कामही चुकीचं नव्हतं, फक्त तो फरशीकडे बघत नव्हता.

आवाज कुठला, ते आधी ठरवा

सगळेच आवाज फरशीचे नसतात. मशीनवर कुणी नसताना एका हाताने पायडल सावकाश फिरवून बघा. भार नसताना आवाज येत नाही आणि माणूस चढला की येतो, तर जोड सैल आहे किंवा मशीन डळमळतंय. भार नसतानाही येतो, तर बेअरिंग, रोलर किंवा आतला पट्टा.

मग फेरे मोजा. एका फेऱ्याला एकदाच 'कट' असेल तर संशय क्रँकवर, म्हणजे जिथे पायडलची दांडी मधल्या फिरत्या भागाला जोडलेली असते तिथे. आमचा हाच होता. एका फेऱ्याला दोनदा, पुढे जाताना आणि मागे येताना 'चुंई' असं होत असेल तर हलत्या हँडलचा खालचा खिळा (ज्यावर ते झुलतं तो) कोरडा पडलाय. खात्री करायची तर हलती हँडलं सोडून मधली स्थिर हँडलं धरा आणि कुणाला तरी हलत्या हँडलच्या बुडाशी कान द्यायला सांगा, हात लांब ठेवून. सारखी खरखर असेल तर रुळावर (ज्यावरून रोलर धावतात) धूळ बसलेली असते. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे खिडकी उघडी राहिली की रुळावर दोन दिवसांत बोट उमटेल एवढा थर होतो. ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं की बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो.

'धप-धप' असा मऊ आवाज बरेच महिने बंद असलेल्या मशीनमध्ये ऐकू येतो. रोलर एकाच जागी दाबून राहिला की तिथे चपटा होतो. आठवडाभर वापरून गेला तर ठीक, नाहीतर रोलर बदलावा लागतो. आणि जोर (पायडलचा जडपणा) वाढवल्यावर आतून 'किर्र' अशी ओरड येऊन पायडल क्षणभर हलकं लागत असेल तर पट्टा घसरतोय. ते कव्हर उघडायचं काम मेकॅनिकवर सोडा.

एक समजूत मात्र काढून टाका. "चुंबक घासतंय" असं आम्हाला एकाने सांगितलं होतं. आताच्या घरगुती मशीनमध्ये जोर कमी-जास्त करणारं चुंबक आतल्या जड चाकाला टेकतच नाही. चाक चुंबकाजवळून फिरताना धातूत भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते चाकाला मागे ओढतात. चुंबकाची पट्टी जागेवरून सुटली तरच घासण्याचा प्रश्न, आणि तेव्हा आवाज 'कट' असा नाही, पत्रा खरवडल्यासारखा सलग येतो.

आम्ही केलं ते, क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. आधी जमीन, मग मशीनची बैठक, आणि सगळ्यात शेवटी बोल्ट. आम्ही तीन वर्षं उलटं करत होतो. वाकडं बसलेलं मशीन घट्ट आवळलं की तो वाकडेपणाच पक्का होतो, सांगाडा ताणलेला राहतो.

मशीन दोघांनी मिळून बाजूला घ्या. एकट्याने उचलू नका, साध्या मशीनचंही वजन चाळीस-पन्नास किलोच्या घरात जातं. खालची फरशी झाडून पुसून घ्या आणि एका नाण्याने ठोकत चला. आमच्याकडे शहाबादी आहे. जी फरशी खालून सुटलीये ती पोकळ, बद्द वाजते. पक्की फरशी खणखणीत वाजते. आमच्या दोन बद्द वाजल्या, आणि मशीनचा मागचा डावा पाय नेमका त्यातल्या एकीवर होता. ती काढून खाली माल भरून पुन्हा बसवली. शहाबादीची वरची बाजू मुळात सपाट नसते, सांधेही वरखाली असतात, म्हणून पाय कधीही सांध्यावर येऊ देऊ नका. जमत असेल तर मशीन बाहेरच्या भिंतीपासून आतल्या भिंतीकडे आणा. आम्ही ते चार फूट आत घेतलं.

मग १९ मिमी जाडीचा प्लाय, मशीनच्या पायांपेक्षा सगळीकडून चार-पाच इंच मोठा. भार एका फरशीवर न येता पाच-सहा फरश्यांवर वाटला जातो, एखादी जरा बसली तरी पायाखाली लगेच पोकळी होत नाही. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची वस्तू हीच. प्लायवर रबरी मॅट, सहा ते आठ मिमीची. त्याहून मऊ, स्पंजासारखी योगाची मॅट घालू नका, ती दबते आणि डळमळ आणखी वाढते. पुठ्ठ्याची घडी तर अजिबात नको. मी वर्षभर पुठ्ठाच घालत होतो. पहिले आठ दिवस बरं वाटतं, मग तो दबून कागदासारखा होतो.

मशीन मॅटवर ठेवल्यावर सांगाड्याचे मोठे बोल्ट, म्हणजे पुढचा-मागचा आडवा पाइप आणि मधला उभा खांब यांचे, अर्धा फेरा ढिले करा. क्रँकचे आत्ता हात लावायचे नाहीत. आता मागच्या पाइपाच्या टोकांना जे फिरवायचे पाय असतात ते पूर्ण आत घ्या. पाणसळ आधी मागच्या पाइपावर आडवी ठेवा, जी बाजू खाली असेल तिकडचा पाय थोडा थोडा बाहेर फिरवा. मग पुढच्या पाइपावर, मग रुळावर लांबीने. पाय ८ मिमीच्या स्क्रूवर असेल तर नेहमीच्या आट्यांना एका फेऱ्यात सव्वा मिमी उंची बदलते, १० मिमीच्या स्क्रूवर दीड मिमी. पाव-पाव फेऱ्यानेच फिरवा. आमचा मागचा डावा पाय एकूण चार फेरे बाहेर आला, म्हणजे सहा मिमी. सहा मिमी म्हणजे चार-पाच वह्यांची पुठ्ठी एकावर एक, एवढी पोकळी एका पायाखाली होती.

बुडबुडा मध्ये आला म्हणजे काम झालं असं नाही. पाणसळ बरोबर दाखवेल आणि तरी एखाद्या पायावर भार नसेल असं होतं. म्हणून वर्तमानपत्राची पट्टी घ्या आणि प्रत्येक पायाखाली सरकवून बघा. चारही ठिकाणी अडली पाहिजे. जिथे सहज आत जाते तो पाय अधांतरी आहे. मग पुढच्या खांबाला धरून मशीन दोन्ही बाजूंना जरा हलवा, म्हणजे सांगाडा आपली जागा घेतो. त्यानंतर ढिले केलेले बोल्ट आवळा, पण एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला संपवू नका. एक इकडचा, एक समोरचा, पहिल्या खेपेला निम्मे, दुसऱ्या खेपेला पूर्ण. पायांवरचे लॉक नट (पाय फिरू न देणारे) शेवटी.

आता क्रँक. इथे काही मशीनवर डाव्या बाजूला उलटे आटे असतात, सायकलच्या डाव्या पायडलला असतात तसे. आवळायला जाल आणि सोडवून बसाल. आधी मशीनच्या पुस्तिकेत बघा, नाहीतर आटे कुठल्या दिशेने चढतात ते डोळ्यांनी बघा. बोल्ट काढून आट्यांवरचं तेल थिनरने पुसा, कोरडं झालं की निळ्या थ्रेड लॉकरचा (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब लावा, आवळा आणि एक दिवस मशीनला हात लावू नका. निळंच, कारण तांबडं लावलं तर पुढे बोल्ट सोडवताना तापवावा लागतो. प्लास्टिक बुशजवळ मात्र हे लॉकर लागू देऊ नका, काही प्रकारचं प्लास्टिक त्याने तडकतं.

क्रँकचा बोल्ट फार दिवस ढिला राहिलेला असेल तर भोक अंडाकृती झालेलं असतं. दांडी धरून हलवली तर बोल्ट घट्ट असूनही खेळ जाणवतो. अशी दांडी बदलावीच लागते. आणि वेल्डिंगच्या जागा बॅटरीच्या उजेडात एकदा नीट बघा. पायडलच्या दांडीवर रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा डाग दिसला, तर त्या मशीनवर कुणीही चढायचं नाही. ती चीर आहे. भर गतीत तुटली तर माणूस तोंडावर पडतो.

तेलाबद्दल थोडक्यात. बंद डब्यातला गंज सोडवायचा स्प्रे हा कायमचा उपाय नव्हे. तो जुनं वंगण धुऊन टाकतो आणि स्वतः उडून जातो. शिलाई मशीनचं तेल रुळावर घातलं तर आपल्याकडची धूळ त्यात बसून लेई होते. लोखंडी खिळ्याला पांढरं लिथियम ग्रीस, प्लास्टिक बुशला सिलिकॉन ग्रीस, तेही हरभऱ्याएवढं. रूळ कोरडा ठेवायचा की नाही हे पुस्तिकेत असतं.

गुडघा आणि बधिर होणारी बोटं

आता माणसाकडे. बायकोच्या गुडघ्याचं श्रेय मी एकट्या पाणसळीला देत नाही. मशीन सपाट झाल्यावर डळमळ थांबली, पण फिजिओथेरपिस्टने तिला मशीनवर उभं करून बघितलं तेव्हा आणखी तीन गोष्टी निघाल्या.

एक म्हणजे जोर. ती एक नंबरवर ठेवून भराभर फिरवायची, ऐंशीच्या वर. एवढ्या हलक्या जोरावर जड चाकच पाय ओढत राहतं, मांडीचे स्नायू काम करत नाहीत आणि गुडघा नुसता हिसके खातो. त्यांनी आठपैकी तीनवर लावून पन्नास ते साठ फेऱ्यांत आणलं. दुसरं, पाऊल. पायडल चांगलं लांब-रुंद असतं, ती पाय आतल्या कडेला ठेवायची आणि गुडघे एकमेकांकडे झुकायचे. आता पाऊल मध्ये, बोटं समोर, आणि गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. समोर भिंतीला एक जुना आरसा टेकवून ठेवला. सांगून जे महिनाभर झालं नसतं ते आरशाने चार दिवसांत झालं. तिसरं, हँडलवर रेलणं. थकलं की माणूस पुढे वाकून हातांवर भार टाकतो, मग कंबर धरते आणि पायांचं कामही कमी होतं. हँडल धरायचं, त्याला लटकायचं नाही.

पायाच्या बोटांना मुंग्या येणं ही जवळजवळ प्रत्येकाची तक्रार. चालताना पाऊल उचललं जातं, दाब सुटतो. एलिप्टिकलवर पाऊल पायडलवरून सुटतच नाही, चवड्यावरचा दाब सतत राहतो. म्हणून टाचेने ढकला, दर पाच मिनिटांनी वेग कमी करून बोटं बुटात हलवा, बुटाची नाडी पुढच्या बाजूला सैल बांधा. पंधरा-वीस सेकंद उलटं फिरवल्यानेही बरं वाटतं, पण ज्यांचा गुडघा पुढच्या बाजूने दुखतो त्यांनी उलटं जपूनच. तिकडे मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि वाटीवर ताण वाढतो. अनवाणी किंवा घरच्या चपलेवर करू नका.

शुगर असलेल्यांना वेगळं सांगतो, कारण आमच्या घरात ती आहे. मशीनवरून उतरून दहा मिनिटांनीही बोटं बधिरच असतील, किंवा मशीनवर नसतानाही असतील, तर ते बुटाचं नाही, डॉक्टरांना दाखवा. रोज रात्री तळवे बघा, फोड आला तरी कळत नाही. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधी एकदा तपासा. नव्वद-शंभरच्या खाली असेल तर आधी थोडं खा. एकादशीच्या किंवा नवरात्राच्या उपवासात रिकाम्या पोटी चढू नका. आमच्याकडे नवरात्रात एकदा तिला मशीनवर थंड घाम आणि थरथर सुटली होती, तेव्हापासून मशीनच्या खिडकीत ग्लुकोजचा डबा ठेवलेला असतो.

मशीनच्या पावलाची लांबीही बघा, म्हणजे पायडल पुढे-मागे किती जातं ते. घरगुती मशीनचं पाऊल बहुतेक १४ ते १६ इंचांचं असतं. उंच माणसाला, साधारण पावणेसहा फुटांच्या पुढे, ते आखूड पडतं आणि गुडघा फार वाकलेला राहतो. त्याला १८ ते २० इंचांचं लागतं. हे बोल्ट आवळून सुटणारं दुखणं नाही.

चढणं, उतरणं, पदर, पोरं आणि पंखा

एलिप्टिकल पुढेही फिरतं आणि मागेही, म्हणजे पायडल आतल्या जड चाकाला थेट जोडलेलं असतं. पाय थांबवले तरी चाक पायडलला ओढत राहतं. बरेच अपघात इथेच होतात. उतरण्याआधी पायडल पूर्ण थांबू द्या, मग वरच्या पायडलवरचा पाय आधी जमिनीवर घ्या, खालच्या पायडलवर भार ठेवून. चढताना उलट: स्थिर हँडल धरा, जे पायडल तळाला आहे त्यावर आधी पाय.

साडी नेसून करणार असाल तर निऱ्या वर खोचा आणि पदर कमरेला घट्ट बांधा, ओढणी तर काढूनच ठेवा. रूळ, रोलर आणि क्रँक यांच्यामध्ये कापड सापडलं की ते क्षणात ओढलं जातं. लहान पोरांची बोटंही तिथेच जातात. आमच्याकडे भाचे आले की पायडल दांडीला कपड्याच्या पट्ट्याने बांधून टाकतो, फिरतच नाही.

डोक्यावरचा पंखा बघायला लोक विसरतात. पायडल वरच्या टोकाला असताना जमिनीपासून किती उंच जातं ते मोजा, त्यात घरातल्या सगळ्यात उंच माणसाची उंची मिळवा, वर वीतभर जागा ठेवा. पत्र्याच्या खोलीत किंवा कमी उंचीच्या स्लॅबखाली हे जमत नाही. प्लाय आणि मॅट घातल्यावर इंचभर आणखी वर जातो आपण, ते धरून मोजा. वजनाची मर्यादा मशीनवरच्या चिठ्ठीवर असते. ती ओलांडून काही दिवस मशीन चालतं, म्हणून लोक फसतात.

ऊन आणि वेळ

एप्रिल-मेमध्ये परभणीत पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो आणि स्लॅब रात्रभर तापलेला राहतो. संध्याकाळी सातला खोली अजून भट्टीसारखी असते, म्हणून त्या दोन महिन्यांत व्यायाम पहाटेच, सहाच्या आत संपवा. कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगलं काम देतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच कूलर घाम वाळू देत नाही, तेव्हा नुसता पंखा.

नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला आठवडा दहा मिनिटांवर थांबावं. प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीस मिनिटं, पाच दिवस, एवढं दोन महिन्यांत गाठलं तरी पुष्कळ. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच कमी राहते, तिथे पडद्यावरच्या आकड्यापेक्षा हीच परीक्षा खरी. उष्मांकांच्या आकड्यावर तर जेवणाचा हिशेब कधीच करू नका. छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात भरून येणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर जोर कमी करून बघत बसायचं नाही. थांबायचं, बसायचं, १०८ ला फोन.

दोन तारखा

मशीनची बैठक आम्ही आता वर्षातून दोनदाच तपासतो. एकदा खंडेनवमीला. हत्यारं, यंत्रं पुसून पूजेला मांडायचा दिवस, त्याच दिवशी मशीनखालची धूळ काढतो, पाणसळ ठेवतो, कागदाची पट्टी फिरवतो. माती तेव्हा पूर्ण भिजून फुगलेली असते. दुसऱ्यांदा मे अखेरीस, मृग लागायच्या आधी, माती सगळ्यात जास्त आकसलेली असताना. फिरवलेल्या पायांचा हिशेब खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहितो: महिना, कुठला पाय, किती फेरे, वर की खाली. पहिल्या खंडेनवमीला मागचा डावा पाय पाऊण फेरा आत घ्यावा लागला, मेमध्ये तेवढाच परत बाहेर. यंदाच्या मेमध्ये फक्त पाव फेरा.